तपासणीपुरती उद्देशिका

नागरिकशास्त्र आमच्या शाळेत इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं असायचं. वीस गुणांचं. ज्याचे तास कमी भरत त्याच्या गळ्यात ते पडे. नव्वदचं दशक संपता संपता मी शाहूपुरीतल्या शाळेत लागले, तेव्हा सगळ्यांत नवा गळा माझा होता.

मग वरून आदेश आला: रोज परिपाठात राज्यघटनेची उद्देशिका म्हणून घ्या, वर्गात समजावून द्या. हेडसरांनी ती व्हरांड्यातल्या भिंतीवर रंगवून घेतली. संस्थेच्या अध्यक्षांनी नारळ फोडून उद्घाटन केलं. देशाला कधीच लागू झालेली गोष्ट आमच्या व्हरांड्याला अशी रीतसर लागू झाली.

मी पाचवीला समता शिकवली. फार सुंदर शिकवली, असं माझंच मत होतं. तपासणी जवळ आली तेव्हा आणखी एक धडा दिला: साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येतं त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. हा धडा मात्र पोरांना पहिल्या दमात कळला.

वर्गातल्या एका मुलीला उद्देशिका सगळ्यांच्या आधी पाठ झाली होती. वडील गडहिंग्लजकडचे, इथे मिरचीच्या दुकानात तोलायला. घरात कानडी. तिच्या तोंडी भारताचा ‘बारत’ व्हायचा आणि वाक्याचं टोक लांबत जायचं. शब्द मात्र एक इकडचा तिकडे नाही. तपासणीला पुढे उभं राहून आपणच म्हणणार, असं तिने धरून ठेवलं होतं. मीही नाही म्हटलं नव्हतं.

हेडसरांनी सराव ऐकला. “बाई, ही पोरगी घटना म्हणत्या का बाजार भरवत्या? साहेब पुण्याचे हायत.”

“पाठ आहे सर तिला.”

“असू दे की पाठ. त्या दिवशी घरात असू दे.”

मला नोकरीत कायम व्हायचं होतं. मी तिला बाजूला घेतलं. “उद्या येऊ नकोस. तुला बरं नाहीये.”

“मला काय बी झालं न्हाय, बाई.”

“झालंय,” मी म्हटलं. हा एक शब्द मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

तपासणी छान झाली. अध्यक्षांच्या पुतणीने ‘दर्जाची व संधीची समानता’ असं खणखणीत म्हटलं तशी साहेबांनी मान डोलावली. संधी कुणाची गेली, हे विचारायची पद्धत नव्हती. शेरा उत्तम मिळाला.

दुसऱ्या दिवशी ती हजर. “बाई, आज म्हणू?”

पण उद्देशिका आता परिपाठातून गेली होती. “आता कशाला गं? झाली की तपासणी.”

वर्ष संपल्यावर वडील तिचा दाखला न्यायला आले. कुटुंब गावी परत निघालं होतं. ती त्यांचं बोट धरून उभी. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “हुशार आहे हो तुमची मुलगी.”

“व्हय बाई. घरात रोज म्हणत्या त्ये. हिच्या आईला धड मराठी येत न्हाय, तिचं बी पाठ झालंय. तुमी एकदा ऐकलं असतं तर बरं झालं असतं. लई मनात हुतं पोरीच्या.”

हेडसर आत होते. दार उघडं होतं. ‘म्हण बाळा’, एवढंच म्हणायचं होतं.

“चहा घेता का?” मी विचारलं.

“नको. एसटी चुकंल.”

मुलीने वडिलांच्या पिशवीचा एक बंद धरला आणि दोघं रंगवलेल्या भिंतीजवळून फाटकाकडे गेली.