उंबऱ्यावरचे सुतारकाका

हिंगोलीच्या आमच्या लहानशा चर्चचे बाक सुतारकाकांनीच केलेले, पण ते स्वतः उंबऱ्यावर बसतात. त्यांचं लेकरू तापानं फणफणलं तेव्हा, स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असूनही, त्यांनी मरीआईला कोंबडं वाहिलं. लेकरू तरीही गेलं, आणि तेव्हापासून ते आत येत नाहीत.

"आत या," पपा म्हणाले. ते इथले पाळक. "तुम्हाला आपलं म्हणायचा, कृपेचा करार देवानं केलाय."

"पर मोडला म्या, साहेब."

"तुमच्यानं मोडायला तो काय तुमचा बाक आहे?"

"माझा बाकबी मोडत न्हाई!" सुतारकाका फणकारले. मग नुसती उंबऱ्याची कड अंगठ्यानं चाचपत राहिले.

त्या रविवारी येशूच्या आठवणीत वाटून खायची प्रभुभोजनाची भाकर घेऊन पपा उंबऱ्याशी जाऊन बसले. सुतारकाकांनी रडत ती खाल्ली.

पुढच्या रविवारी मी हळूच मागं वळून पाहिलं. ते उंबऱ्यावरच होते. तेव्हापासून भाकर आधी तिथं जाते, मग आमच्याकडे येते.