ग्रिलच्या सावलीचा फोटो

नेरूळला राहायला आलो आणि वर्षभरात माझं ब्लडप्रेशर वाढलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. रोज सकाळी शांत बसा आणि फक्त श्वासाकडे लक्ष द्या."

मी बसलो. श्वास आत घेतला की वाटायचं, नळाला पाणी आलं असेल का? बाहेर सोडला की वाटायचं, पंप कुणी चालू केला असेल का? शेवटी डोळे मिटूनच मी बायकोला म्हणालो, "कुकर बंद कर, शिट्ट्या जास्त झाल्या."

"तुम्हाला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलंय, कुकरकडे नाही," ती म्हणाली. "लक्ष द्यायचंच असेल तर बाहेर जाऊन कशाकडे तरी द्या. माझ्याकडे नको."

मेव्हण्याने दुबईहून आणलेला कॅमेरा कपाटात पडून होता. तो गळ्यात अडकवून मी खाली उतरलो. रोल संपला की नव्यासाठी वाशी गाठावी लागे, त्यामुळे बटण दाबायच्या आधी पुष्कळ वेळ नुसतं बघत उभं राहायची सवय लागली. त्या बघण्यात पाणीही विसरायला व्हायचं आणि पंपही.

आमची इमारत नवी होती, पण लोकांनी ती आपापल्या परीने वाढवली होती. वरच्या मजल्यावरच्या साताऱ्याकडच्या वहिनींनी गॅलरीला ग्रिल आणि पत्रा लावून तिथे स्वयंपाकघर थाटलं होतं. तळमजल्यावरचे काका इथल्याच शिरवणे गावातले. त्यांनी खिडकीखाली कोंबड्यांचं खुराडं बांधलं होतं. आणि सगळ्यांना नियम वाचून दाखवणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्याखालच्या जागेला दार लावून एक खोली काढली होती.

एके सकाळी वहिनींच्या ग्रिलची सावली समोरच्या भिंतीवर पडली होती. मी ती बघत उभा राहिलो. वरून वहिनींनी विचारलं, "काय बघताय भावजी?"

"तुमची गॅलरी," मी म्हणालो आणि फोटो काढला. "फार छान आहे. उद्या पुन्हा येतो."

वहिनी लगबगीने आत गेल्या. संध्याकाळी आमच्याकडे वाटीभर खरवस आला.

दुसऱ्या दिवशी मी खुराड्यासमोर उकिडवा बसलो होतो. काका घाईघाईने बाहेर आले.

"दादा, या कोंबऱ्या माज्या नाय."

"मग कुणाच्या?"

"पावन्या हायत. जातील."

पण पाहुण्या गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खुराड्यावर काकींची हिरवी साडी पसरलेली होती आणि आतल्या धावपळीने ती मधूनच फुगत होती. मला ते इतकं आवडलं की तिथे मी दोन फोटो खर्च केले. काका खिडकीतून बघत होते. त्यांचा चेहरा उतरलेला का, ते मला कळेना.

मग जिन्याखालच्या दाराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत जाताना दिसली. तिच्यात धूळ तरंगत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सेक्रेटरी धावतच आले.

"साहेब, ही खोली नाही. हा नुसता दरवाजा आहे."

"मागे काय आहे?"

"मागे काहीच नाही."

तेवढ्यात आतून त्यांच्या सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, चहा झाला का?"

तरीही मला काही समजलं नाही. लोक आपल्याशी इतकं गोड वागतात, म्हणजे डॉक्टरांचा उपाय लागू पडला, असंच मी धरून चाललो होतो. शेवटी बायकोच बाहेरून बातमी घेऊन आली.

"तुम्ही गुपचूप वाढीव बांधकामाचे पुरावे गोळा करताय, असं सगळ्यांना वाटतंय. तुम्ही इन्स्पेक्टर आहात म्हणे!"

मी पोट धरून हसलो. ती मात्र गंभीर होती. "आता खरं सांगितलं तर खरवस बंद होईल," ती म्हणाली.

तरी सांगावंच लागलं, कारण रविवारी गच्चीवर तातडीची मीटिंग ठेवली गेली. मी धुऊन आणलेले फोटो पाकिटातून काढले आणि सगळ्यांकडे दिले. सेक्रेटरींनी आपल्या दाराचा फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"यात खोली कुठाय?"

"मी उन्हाचा काढलाय. धुळीचा."

"म्हणजे खोली नाही?"

"नाही."

ते हुश्श करून सतरंजीवर टेकले. वहिनी सावलीचा फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "अगं बाई, ही माझी गॅलरी? किती देखणी दिसतीया!" काका खुराड्याचा फोटो काकींना दाखवत म्हणाले, "तुजी हिरवी सारी मस्त आली हाय." मग मागून कुणीतरी तक्रार केली, "आमच्या दारातला एकही नाही. आमी काय सोसायटीत राहत नाही?"

त्या दिवसापासून माझी शांतता संपली. ज्याला जे दिसेल ते मला दाखवायची चढाओढच लागली. "भावजी, लवकर या, दुधावर साय धरतीया!" सेक्रेटरी तर मी ऑफिसला निघालो की मला अडवून जिन्याच्या कठड्यावरचा गोगलगायीचा माग दाखवत.

एका सकाळी काकांनी दार वाजवलं. "दादा, चल बिगी. कोंबरी जांभई देते."

मी दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून कॅमेरा घेऊन धावलो. पोहोचेपर्यंत कोंबडीची जांभई देऊन झाली होती.

"आनखी देईल," काका म्हणाले.

आम्ही दोघं खुराड्यासमोर उकिडवे बसलो. कोंबडी आमच्याकडे बघत होती, आम्ही कोंबडीकडे. तोंडावरचा साबण वाळून चुरचुरायला लागला. बराच वेळ गेला. मग काकांनीच अशी जबरदस्त जांभई दिली की त्यांचे डोळे मिटले, टोपी मागे सरकली आणि दाढा दिसल्या. मी बटण दाबलं.

तो फोटो काकींनी मोठा करून फ्रेममध्ये बसवला आणि बाहेरच्या खोलीत लावला. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, "आमचं मानूस गात हाय."