उकंड्यावरून उचललेला

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. उकंडलाल. हसायचं तर हसून घ्या. गोंदियातले शहाणे तर नाव ऐकूनच नाक मुरडतात.

त्याच्या आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून याले जन्मल्याबरोबर सुपात घालून उकंड्यावर, शेणाच्या ढिगावर ठेवलं. यमाले वाटावं, हा कोणालेच नको आहे. गोंडाच्या दुर्पता दाईनं उचलला. मग बापानं सूपभर कोदो, गरिबाचं धान्य ते, देऊन पोरगा तिच्यापासून परत घ्यावा, तोवर तो तिचाच, अशी रीत. पण आई बाळंतपणातच गेली. दूध दुर्पतानंच पाजलं. माह्या सासऱ्यानं, जीवनलालनं, लगेच दुसरी बायको केली. पोरगा बैलं हाकण्याजोगा झाला तेव्हा त्याले घरी आणला, पण कोदो काही दिले नाही. कोठी भरली होती मेल्याची!

२००७ मध्ये सासरा वारला. लकव्यानं खाटेवर पडला होता, त्याचं हगणंमुतणं माह्याच नवऱ्यानं काढलं. थोरला म्हणून बापाले अग्नी द्यावा, एवढंच त्याले पाहिजे होतं. तिरडी बांधून झाली, त्यानं विस्तवाचं मडकं उचललं, तेवढ्यात सावत्र दीर लोकेंद्र गोंदियावरून आला. आजारपणात एकदा फिरकला नव्हता.

"उकंड्यावर फेकलेला हा. कोदो दिले का बाबूजीनं? ये तो दुर्पता का है," तो म्हणाला.

जातीतले म्हातारे खाली पाहत बसले. रीत खरी आहे म्हणे. चुलीत घाला तुमची रीत, मी म्हटलं, तर मलेच गप्प केलं. तरी मी घरात गेली, सूपभर कोदो आणले अन् कुंपणाशी उभ्या दुर्पतापुढं धरले. म्हातारीनं रडत रडत हात पुढं केला.

नवऱ्यानं तो हात धरला.

"राहू दे माय. त्याले मी पाहिजे होतो तर त्यानंच दिले असते."

मडकं त्यानं लोकेंद्रच्या पायाशी ठेवलं अन् दुर्पताले घेऊन निघाला. मी मागोमाग. आमच्यात बाप जळेपर्यंत लेक अन्नाले शिवत नाही. हा दुर्पताच्या ओसरीत मांडी घालून बसला. रस्त्यावरून तिरडी जाऊन राहिली होती. त्यानं मान वर केली नाही.

"माय, भूक लागली," म्हणाला, अन् पोटभर जेवला.