तात्यामामांचा गोठा

तात्यामामा गेल्याचा निरोप महाडहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने दिला. मी पोलादपूरच्या आमच्या शाळेच्या फाटकात उभा होतो. अशा वेळी वाईट वाटलं असं लिहायची पद्धत आहे. मला मात्र आधी मामीची कळशी आठवली... तिने वाहून आणलेलं पाणी पिणारं एक तोंड कमी झालं, एवढंच मनात आलं.

अंत्ययात्रेत जो तो म्हणत होता, सरळ माणूस गेला. डोंबलाचा सरळ! भाताचा व्यापार, सदऱ्याला सोन्याची बटणं, महाडात पाच खणांचं कौलारू घर, आणि नगरपालिकेच्या दप्तरात त्या घराची नोंद ‘गुरांचा गोठा’. का, तर गोठ्याला घरपट्टी नावापुरती. आकारणीचे लोक यायच्या दिवशी गाद्या, भांडीकुंडी शेजारी जात. ओटीवर मुद्दाम रोवलेल्या खुंट्याला म्हैस बांधली जाई, शेण पसरलं जाई आणि मामी मान खाली घालून वैरण टाकत उभी राही. म्हैससुद्धा तात्यांची नव्हे. आळीतल्या साऱ्या प्रतिष्ठितांत मिळून ती एकच म्हैस. एका घराचा गोठा करून झाला की मागच्या दाराने दुसऱ्या घरी जायची. आलेले लोक दिसेल ते लिहून घेत. संध्याकाळी हीच मंडळी पारावर बसून गटारं तुंबली, दिवे लागत नाहीत म्हणून नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडत. यांना सगळं हवं, फक्त फुकट हवं.

पुढे आळीत नळ आले. बाकीच्यांनी मुकाट्याने आपापल्या गोठ्यांची घरं करून घेतली. तात्यांनी नाही. गोठ्याला नळ मिळेना. मामी उमरठची, डोंगरातली. पाणी वाहायचं तिला नवल नव्हतं, पण आता वय झालं होतं. एका पावसाळ्यात सावित्री नदीच्या घाटावर पाय घसरला आणि मनगट मोडलं. मी तात्यांना म्हटलं, “आता तरी नोंद बदला.” ते सुपारी कातरत होते. म्हणाले, “एकदा घर म्हणून लिहिलं की जन्मभर भरत बसावं लागतं रे. हात काय, जुळतो.” हात वाकडाच जुळला. या माणसाची मला किळस आली ती तेव्हापासून, आणि ते गेले म्हणून ती कमी झालेली नाही.

तेरावं उरकल्यावर मामी म्हणाली, “माज्यासंगं कचेरीत चल.” तिथल्या कारकुनाने दप्तर उघडून विचारलं, “गुरं किती आहेत?”

“गुरं नायत. मी हाय. तेवढं लिवा.”

पट्टी तिने पदराची गाठ सोडून तिथल्या तिथे भरली.

परवा तिला भेटायला गेलो. तात्यांचा हार घातलेला फोटो भिंतीवर दिसेना. ओटीवरच्या त्या खुंट्याला टेकवून खाली ठेवला होता... मी म्हटलं, “मामी, खिळा ठोकून देऊ का?”

“नको रे. हितं गोठा हाय म्हणून त्येंनीच लिवून दिलं व्हतं. ऱ्हाऊ दे त्येंना तितंच.”

घरात नळ यायला अजून अवकाश होता. तिने वाकड्या हाताने कळशी उचलली आणि ती नदीवर गेली.