झुलपे पेंटरचं कामाचं डोकं

झुलपे पेंटरला हे नाव आईबापांनी दिलं नव्हतं, रस्त्याने दिलं होतं. तरुणपणी त्याच्या कपाळावर असं झोकदार झुलूप यायचं, की तो शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत असला तर जाणारी-येणारी माणसं आधी झुलूप बघायची आणि मग पाटी. आता झुलूप गेलं, नाव तेवढं मागे राहिलं. डोक्याच्या मध्यावर मैदान झालं, कानांच्या वर दोन्हीकडे केसांची एकेक पट्टी उरली आणि तीही रोज कंगव्यातून काढता पाय घेत होती.

"काय झुलपे, विमानं कधी उतरवताय?" चौकातला सायकलवाला विचारायचा.

"तू आडवा हो आधी, तुझ्यावरूनच पहिलं नेतो," पेंटर म्हणायचा. डोक्याला टक्कल पडलं होतं, जिभेला नाही.

पण हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. दुसऱ्यांचे केस शोभेचे असतात. या माणसाचे केस म्हणजे त्याचं हत्यार होतं.

पेंटर काचेवर सोन्याच्या वर्खाची अक्षरं काढायचा. वर्ख म्हणजे इतका पातळ, की समोर कुणी शिंकलं तर गेला. बोटाने उचलायला जावं तर बोटालाच चिकटून त्याचा चुरा होतो. त्यासाठी एक चपटा, रुंद, विरळ केसांचा ब्रश असतो. कोरड्या ब्रशकडे वर्ख ढुंकूनही बघत नाही, म्हणून कारागीर तो ब्रश आधी स्वतःच्या केसांवरून फिरवतो. केसांतलं तेल ब्रशला लागतं, नजरेला दिसणार नाही एवढं. तेवढ्यावर वर्ख उचलला जातो आणि सरसाचं पाणी लावलेल्या ओल्या काचेजवळ नेला, की स्वतःच झेप घेऊन तिला बिलगतो. पेंटरने आयुष्यभर हेच केलं. डाव्या हातात वर्ख, उजव्या हातात ब्रश, कानावरून एक फेर आणि काचेवर सोनं.

त्याचे मास्तर शागिर्द घेताना कुणाचं अक्षर बघत नसत. अक्षर शिकवता येतं म्हणायचे. समोर आलेल्या पोराच्या डोक्यात ते सरळ पाचही बोटं घालत. "हा तेलाचा घाणा आहे, जा. हा वाळकं गवत आहे, जा." झुलप्याच्या डोक्यात हात घातला तेव्हा मास्तर 'जा' म्हणाले नाहीत. बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाले, "उद्यापासून ये. डोकं सांभाळ म्हणजे झालं." आईने शाळेतून नाव कमी झाल्यावर डोक्यात काय भरलंय म्हणून विचारलं होतं. त्या दिवशी पोरगा घरी जाऊन सांगता झाला, डोक्यात जे भरलंय ते कामाचं आहे.

मग घड्याळजीची काच, दातांच्या दवाखान्याची काच, उंची कपडे शिवणाऱ्या शिंप्याची काच, सगळा रस्ता त्याच्या हातचा झाला. संध्याकाळी दिवे लागले की अक्षरं अशी पेटायची, की ज्याला वाचता येत नव्हतं तोही थांबून बघायचा. पुढे प्लास्टिकचे फलक आले, चिकटपट्ट्या आल्या, आणि एकेक काच उतरली. एकच उरली होती, कामगार वाचनालयाच्या दाराची. गिरणीतल्या, गोदीतल्या, शिलाईच्या कारखान्यातल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून उभं केलेलं ते वाचनालय. तिथली अक्षरं पेंटरने ऐन उमेदीत काढली होती.

आणि तिथेच त्याची फजिती झाली होती. काचेवरचं हे काम आतल्या बाजूने करतात, म्हणून अक्षरं उलटी काढावी लागतात, तेव्हा ती बाहेरून सुलटी दिसतात. 'वाचनालय' मधला 'च' काढताना झुलूप डोळ्यांवर आलं की नजर भरकटली कोण जाणे, पण तेवढा 'च' तो उलटा करायचा विसरला. शिलाईच्या कारखान्यातली एक मुलगी पाळी संपवून वर्तमानपत्र वाचायला आली होती. ती दारात थबकली आणि काचेपलीकडून म्हणाली, "पेंटर, तुमचा हा 'च' रुसलाय का? बाकीच्यांकडे पाठ करून उभा आहे."

पेंटरने सगळा 'च' खरवडून पुन्हा काढला. ती तोवर बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही आली, म्हणाली, 'च' तपासायला आले. असं 'च' तपासता तपासता दोघांचं लग्न झालं.

आता वाचनालयाला रंग द्यायचा म्हणून पुस्तकांचं लोखंडी कपाट हलवत होते. कपाटाचा कोपरा दाराला बसला आणि काच खळ्ळकन खाली आली. नवी काच बसली, अक्षरं बाकी होती. सेक्रेटरी म्हणजे गिरणीतला जुना जॉबर, कामगारांचा मुकादम, आणि पेंटरचा लंगोटीयार. तो घरी आला.

"झुलप्या, रविवारी दार उघडायचंय. जमेल ना? नाहीतर तो चिकटपट्टीवाला तासाभरात करून देतो म्हणतो. सोनेरी रंगाचंच असतं."

"सोनेरी रंगाचं?" पेंटर उसळला. "उद्या सोनेरी रंगाची भाकरी खाशील का? जा, सांग त्याला, झुलपे अजून जिवंत आहे म्हणावं."

तोंडाने बोलून मोकळा झाला. सेक्रेटरी गेल्यावर त्याने जुन्या खिडकीची काच काढली, सरसाचं पाणी केलं, ब्रश कानावरून फिरवला. वर्ख हललाच नाही. पुन्हा फिरवला. वर्खाचा एक कोपरा उचलला आणि मधोमध फाटला. कानावरची ती पट्टी वाळक्या गवतासारखी झाली होती. मास्तर असते तर म्हणाले असते, जा. काही कारागीर मनगटाला मलम लावून त्यावर ब्रश फिरवतात. मास्तर त्यांना मलमपट्टीवाले म्हणायचे. पेंटरने बायको बाजारात गेल्याचं बघून तेही करून पाहिलं. मलमाने वर्ख असा धरला की सोडेचना. हे काम त्याच्या हातून गेलं, तर झुलपे पेंटर म्हणजे नुसता एक टकला म्हातारा उरणार होता. चिकटपट्टीवाल्याने आपल्या 'च' वर पट्टी मारावी, या विचाराने त्याचं जेवणात लक्ष लागेना.

म्हणून तो औषधाच्या दुकानात गेला.

"पुरुषांच्या केसांचं ते असतं ना, सीरम. ते दाखवा," तो हळू म्हणाला. दुकानात आणखी दोन बायका होत्या.

औषधवाली बाई शहाणी होती. तिने आधी चौकशी केली. केस कधीपासून गळतात, वडिलांचं असंच होतं का, मध्ये मोठा ताप आला होता का, डोकं खाजतं का, रक्तदाब आहे का. मग तिने दोन बाटल्या पुढे ठेवल्या.

"हे औषधी आहे. पाण्यासारखं पातळ, लावलं की वाळतं. काका, सुरुवातीला केस उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही. महिनोन् महिने लावावं लागतं, सोडलं की पुन्हा गळायला लागतात. आहेत ते टिकतील, थोडे दाट होतील. पण जिथे पार चकाकतंय तिथे उगवतील असं मी सांगणार नाही. आणि एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा."

"आणि हे?"

"हे तेलाचं. वास छान आहे, केस मऊ दिसतात. त्यापलीकडे मी जबाबदारी घेत नाही."

दुसऱ्या खोक्यावर एक हसरा माणूस होता. त्याच्या कपाळावर झुलूप होतं. हुबेहूब तसंच.

पेंटरने दोन्हीचा एकेक थेंब अंगठ्यावर घेतला आणि तर्जनीने घासला. औषधवाली बघतच राहिली. सगळी गिऱ्हाइकं विचारतात कशाने केस येतील, आणि हा विचारत होता, "यातलं वर्ख धरेल कोणतं?"

"काय धरेल?"

"काही नाही. माझ्या कामाला कोरडं डोकं चालत नाही. तेलाचं द्या."

पातळ बाटली डोकं कोरडं ठणठणीत करणार, म्हणजे केस राहतील आणि काम जाईल. तेलाच्या बाटलीत काम होईल, आणि खोक्यावरचा तो माणूस खोटं बोलत नसेल तर झुलूपही. पेंटरला दोन्ही हवं होतं, इथेच तो फसला. बाईने चार थेंब सांगितले होते. रविवार जवळ आला होता, म्हणून त्याने कामाच्या दिवशी सकाळी दारामागे उभं राहून तळहात भरून ओतलं.

"कुणाच्या लग्नाला?" बायकोने नाक वर करून विचारलं.

"वाचनालयात चाललोय."

"पुस्तकं बेशुद्ध पडतील हो."

वाचनालयात सेक्रेटरी, दोन जुने गिरणीवाले आणि हातात चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन सहज म्हणून आलेला चिकटपट्टीवाला, असे सगळे जमले होते. पेंटरने पंखा बंद करायला लावला. ब्रश कानावरून फिरवला, वर्खाला लावला. वर्ख लगेच उचलला गेला. पेंटरच्या जिवात जीव आला. ब्रश काचेजवळ नेला, पण वर्ख झेप घेईना. हलवला, फुंकला, तरी ब्रशलाच मिठी मारून बसला. ब्रश अडला की तो पुन्हा डोक्यावर फिरवायचा, ही हाताची जन्माची सवय. पेंटरने भान नसताना ब्रश डोक्यावरून ओढला.

मागे कुणीतरी फुसकन हसलं.

"झुलप्या," सेक्रेटरी हसू दाबत म्हणाला, "सोनं काचेवर लावायचं होतं रे."

पेंटरने काचेत पाहिलं. मैदानाच्या मधोमध वर्ख लख्ख चिकटला होता.

"कळसच चढवला की," चिकटपट्टीवाला म्हणाला.

पेंटरने त्याच्या गुंडाळीला लाथ मारली, तोंडात आलं ते सगळं बोलला आणि सामान तिथेच टाकून घरी आला. टोपी घालायचीही शुद्ध नव्हती. रस्ताभर लोक वळून बघत होते. कैक वर्षांनी बघत होते.

बायकोने दार उघडलं, डोक्याकडे पाहिलं आणि खाली बसून पोट धरून हसली. हसून झाल्यावर मात्र तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि कापसाने वर्ख पुसू लागली. मग पेंटरने सगळं सांगितलं. मलम, बाटली, खोक्यावरचा माणूस.

"संपलं माझं," तो म्हणाला. "तो उद्या पट्टी मारणार."

"मास्तर डोक्यात कसा हात घालायचे?"

"आता काय त्याचं?"

"घालून दाखवा."

तिने मान वाकवली. तिचे केस पिकले होते, पण दाट होते, आणि रोज सकाळी चिमूटभर तेलाचा हात फिरवायची तिची सवय कारखान्यात असल्यापासूनची. पेंटरने पाचही बोटं घातली, बाहेर काढली, एकमेकांवर घासली. मास्तरांसारखीच.

"मग? घाणा की गवत?"

"चारचौघांत बायकोच्या डोक्यावर ब्रश फिरवू? लोक काय म्हणतील?"

"आजवर माझ्या डोक्यावर मिरे वाटलेत तेव्हा लोकांना विचारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी वाचनालयात दाराशी उंच स्टूल ठेवलं आणि ती त्यावर बसली. सेक्रेटरीने तोंड उघडलं, तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्याने मिटलं. पेंटरने ब्रश तिच्या कानावरून फिरवला.

"गुदगुल्या होतात हो."

"हलू नकोस."

वर्ख उचलला गेला. काचेपासून बोटभर अंतरावर तो थरथरला आणि झेप घेऊन बिलगला. पेंटरने श्वास सोडला. पुन्हा कान, पुन्हा काच. दोघांच्या मधे ब्रश येत-जात राहिला. मास्तर, शिंप्याची काच, कपाळावरचं झुलूप, पाळी सुटल्यावर दारात थबकलेली ती मुलगी, सगळं त्या फेऱ्यांतून हातात येत राहिलं. वर्ख वाळल्यावर पेंटरने पाठीमागून सोन्यावर रंगाने उलटी अक्षरं काढली, रंगाबाहेर उरलेलं सोनं पुसून काढलं. गिरणीवाले बाकावर बसून होते. चिकटपट्टीवालाही होता, गुंडाळी खाली ठेवून.

ती स्टुलावरून उतरून बाहेर गेली. काचेपलीकडून, सोन्याच्या अक्षरांच्या आड तिचा चेहरा दिसला. कानाजवळ वर्खाचा एक कण चमकत होता.

"रुसलाय?" पेंटरने आतून विचारलं.

तिने बराच वेळ लावला. मुद्दाम. "नाही. आज मुकाट्याने तोंड दाखवतोय."

घरी जाताना पेंटर औषधाच्या दुकानाशी थांबला. तेलाची बाटली त्याने काउंटरवर ठेवली. "ही घ्या, खोक्यावरच्या माणसाला परत द्या. ती पातळ, औषधी द्या. आहेत तेवढे टिकले तरी पुष्कळ."

"अहो, ते वाळतं म्हणून तुम्हाला नको होतं ना? तुमच्या कामाला कोरडं डोकं चालत नाही म्हणून?"

"वाळू दे," पेंटर म्हणाला आणि मान मागे वळवून दाराकडे दाखवलं. "कामाचं डोकं बाहेर उभं आहे."

"ऐकू आलं हो," बाहेरून आवाज आला.