लाल शाईच्या दुरुस्त्या

लग्न ठरलेल्या जोडप्यांचे वर्ग आमच्या घरी भरायचे, जुन्या जालन्यात, चर्चच्या आवारापासून दोन गल्ल्या सोडून. पाळकसाहेब मुलामुलीला सहा शनिवार आमच्याकडे पाठवत. आमचे हे मंडळीच्या कमिटीवर, आणि मी अंबडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. शिकवण्याची सवय सुटत नव्हती. शास्त्रातल्या वचनांवरून मी ख्रिस्ती विवाहाची सात तत्त्वं तयार केली होती आणि ती मुलींना वहीत उतरवून पाठ करायला लावायची. पती कुटुंबाचं मस्तक आहे. पत्नीनं सर्व गोष्टींत त्याच्या अधीन असावं. देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये. अशी एकेक. पाचवं होतं, घरातलं दुःख माहेरी सांगू नये, देवाला सांगावं. हे शास्त्रात कुठंही नाही. माझ्या आईनं मला पाठवणीच्या वेळी सांगितलेलं मी वचनांच्या रांगेत बसवलं होतं, आणि इतक्या वर्षांत एकाही मुलीनं विचारलं नाही की बाई, हे कोणत्या अध्यायात आहे.

नवऱ्यानंही बायकोवर जीव ओवाळून टाकावा, ख्रिस्तानं मंडळीवर केली तशी प्रीती करावी, हे शास्त्रात आहेच. तो भाग ह्यांच्याकडे होता. मुलांना घेऊन हे ओसरीवर बसत आणि चहा होईपर्यंत तो उरकत.

ती मुलगी भोकरदनकडच्या धावडा गावची. घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. वडिलांनी शेती केली आणि वडिलांनीच घरादारासह प्रभूचा स्वीकार केला. ते वारल्यावर आई एकटी. मुलगी बारावी झालेली, सावळी, मोकळं हसणारी. मुलगा जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात सुपरवायझर होता, उपासनेत पेटी वाजवायचा, गळा गोड. स्थळ मीच सुचवलं होतं.

दुसऱ्या शनिवारी तिनं विचारलं, नवरा चुकत असला तर काय करायचं. मी बाकीच्या मुलींकडे पाहून म्हणाले, अजून हळद लागली नाही आणि हिला नवऱ्याच्या चुका दिसायला लागल्या. सगळ्या हसल्या. तीही हसली, पण पुढच्या चार शनिवारांत तिनं काही विचारलं नाही. मला वाटलं, शहाणी झाली.

लग्नानंतर आठ महिन्यांनी ती भरदुपारी एकटी आली. तिसरा महिना लागल्याचं तिनं सांगितलं आणि पिशवीतून दोनशे पानी वही काढली. तिचं म्हणणं असं, की नवरा रोज संध्याकाळी जेवणाआधी तिला भिंतीशी उभं करतो आणि सातही तत्त्वं म्हणायला लावतो. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, की ते तत्त्व शंभर वेळा लिहायचं. लिहून होईपर्यंत बसणं नाही, जेवण नाही. तो हात उचलत नाही, आवाज चढवत नाही. शेजारीपाजारी सांगतो, बायकोला वचनात वाढवतोय.

मी वही चाळली. पानामागून पान तेच. मला त्या पानांत काय दिसलं, ते लिहायला आजही जड जातं. मला ऱ्हस्व-दीर्घ दिसलं. ‘अधीन’मधला ‘धी’ तिनं सगळीकडे ऱ्हस्व काढला होता. मी टेबलावरचं लाल पेन घेतलं आणि ती समोर बसलेली असताना पान न् पान दुरुस्त करत गेले. शेवटी खाली शेरा दिला, अक्षर सुधारावे.

तिनं तो शेरा वाचला. मग म्हणाली, “बाई, मी हेच लिहीत बसू का?”

“वचन लिहून कुणाचं वाईट झालंय?” मी म्हणाले, आणि तिला रिक्षात बसवून दिलं.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर तिच्या नवऱ्यानं सगळ्यांदेखत माझे आभार मानले. बाईंनी वही तपासून दिली, म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं सांगून काय उपयोग, मला खूप बरं वाटलं.

सहाव्या महिन्यात ती स्वयंपाकघरात कोसळली. दवाखान्यात नेलं तेव्हा बाळ गेलेलं होतं. उभं राहिल्यानंच गेलं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही, एवढं म्हणाल्या. मी भेटायला गेले तर तो खाटेशेजारी उभा राहून प्रार्थना करत होता. इतकी सुंदर प्रार्थना, की शेजारच्या खाटेवरची परकी बाईसुद्धा डोळे पुसत होती. तो औषधं आणायला खाली गेला, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं.

“तिसऱ्यात चुकले, बाई,” ती म्हणाली. “‘माणसानं’च्या जागी ‘कुणी’ म्हणाले. मंग उभी राह्यले.”

मी तिची चादर सारखी केली आणि झोप म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिची आई धावड्याहून आली. बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं लेकीचे कपडे गाठोड्यात बांधले. मी तिला थांबवायला गेले, नवऱ्याला विचारल्याशिवाय नेऊ नका म्हणाले. ती माझ्याकडे न बघता गाठ आवळत राहिली.

“फोनवर रोज म्हणायची, बरं हाय आई,” ती म्हणाली. “तसं म्हणायचं तुम्हीच शिकवलं म्हणती. आता तिला काही शिकवू नका.”

यानंतर तरी मी थांबायला हवं होतं. पण महिनाभरानं कमिटीनं मला आणि ह्यांना तिची समजूत काढायला धावड्याला पाठवलं, आणि मी गेले. तिनं पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि येत नाही एवढंच सांगितलं. मग कमिटीनं तिचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षरसाचा वाटा, बंद केलं. त्याचं चालू राहिलं. पेटीही चालू राहिली. तिला कळवायचं पत्र मी लिहिलं, कारण कमिटीत माझं मराठी सगळ्यांत शुद्ध.

तिनं जालन्याच्या कोर्टात फारकतीचा अर्ज केला आणि ती वही पुराव्यात दिली. त्याच्या वकिलाचं म्हणणं, अख्खी वही लाल शेऱ्यांसकट तिनंच मागून लिहिलीय, नवऱ्याला बदनाम करायला. मला साक्षीला बोलावणं आलं. आदल्या आठवड्यात हे रोज सांगत होते, “शाई माझी नाही म्हण. एका शब्दाचं काम आहे.” मी हो म्हणाले होते. अधीन असणं मलाही येत होतं.

कोर्टात वकिलानं वही माझ्यापुढे धरली आणि विचारलं, हे असलं गिचमिड अक्षर तुमच्यासारख्या मुरलेल्या शिक्षिकेचं असणं शक्य आहे का. मी पाहिलं. गिचमिड नव्हतं ते. पस्तीस वर्षं फळ्यावर घोटलेलं माझं अक्षर होतं.

“माझंच आहे,” मी म्हणाले.

नंतर काही जणांनी याला धाडस म्हटलं. धाडस नव्हतं. माझ्या अक्षराला नावं ठेवलेली मला सहन झाली नाही. ती मुलगी समोरच्या बाकावर होती. तिनं मान वर केली नाही.

तिला फारकत मिळाली. आमचे हे त्या दिवसापासून माझ्याशी अडीच महिने बोलले नाहीत. चहा ठेवला तर घेत, ताट वाढलं तर जेवत, आणि शनिवारचा वर्ग एकट्यानं चालवत. मी आतल्या खोलीतून ऐकायची. पाचवं तत्त्व त्यांनी तसंच ठेवलं होतं. एकदा मी धीर करून ह्यांना म्हणाले, ते शास्त्रात नाही, मी घातलेलं आहे. अडीच महिन्यांत ते पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “तुझं तेवढंच एक कामाचं होतं.”

गेल्या वर्षी मी एकटीच बसनं भोकरदनला गेले आणि तिथून धावड्याला. ती आता घरी शिलाई करते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तेवढी राहिली होती, बाकी तब्येत सुधारली होती. तिची आई शेताला गेलेली. मी खाली बसले आणि माफी मागितली. पाठ करून गेले होते, तरी मध्ये अडखळले.

तिनं हातातला ब्लाऊज मांडीवर ठेवला. “न्हाई देत, बाई,” ती शांतपणे म्हणाली. “नाराज होऊ नका. पण न्हाई देत.”

मी उठायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, “क्षमा करावी असं प्रभूनं सांगितलंय, बेटा.”

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्या बघण्यात; वर्गातल्या ढ मुलाकडे आम्ही शिक्षक शेवटी शेवटी जसं बघतो, तसं होतं.

“तुमची बस निघून जाईल,” ती म्हणाली, आणि तिनं मशीन सुरू केलं.