वाळ्याची ताटी आणि लटारूची विडी

लटारू बुरड वाळ्याची ताटी बसवून झाली तरी लगेच निघत नसे. कोयता आणि सुतळी पोत्यात गुंडाळून तो ताटीसमोर उकिडवा बसे, विडी पेटवी आणि तोंडातला धूर ताटीच्या अंगाशी सोडी. ओल्या मुळ्यांतून धूर सर्रकन आत ओढला गेला की उठून धोतर झटके. नवं गिऱ्हाईक हसे. त्याची बायको कमळा तर साऱ्या आळीला सांगे, "आमच्या घरचं काम पाहा. अर्धा घंटा बांधणं, अर्धा घंटा विडी."

विजेचे पंखे तेव्हा चांद्यात मोजक्याच घरी होते. बाकीच्यांचा उन्हाळा लटारूच्या हातात असे. शिमगा झाला की जंगलाकडची माणसं नाल्याकाठच्या वाळ्याची मुळं खणून, धुऊन, भारे बांधून बाजारात आणत. लटारू प्रत्येक भारा नाकाशी धरून निवडी. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये ती मुळं तो अशी अंथरी की धरून पाहिली तर पलीकडचा उजेड बारीक बारीक दिसावा. "तीन बोटं जाड, चौथं नाई," हे त्याचं माप. जाड ताटी जास्त गार, असं लोकांना वाटे. तो म्हणे, "वाराच नाई शिरला तं गार काय होईन, भिंत?"

घरधन्याला तो चार गोष्टी सांगे. ताटी पश्चिमेच्या वाऱ्यावरच लावायची. चौकटीला फट ठेवायची नाही. पाणी वरून, थोडं थोडं, मुळं सुकायच्या आत मारायचं. आणि समोरच्या भिंतीला वारा बाहेर जायला वाट ठेवायची. शेवटची गोष्ट सांगताना त्याचा आवाज नकळत उतरे.

त्याला कारण होतं. सात उन्हाळ्यांपूर्वी एका लाकडाच्या ठेकेदारानं आपल्या म्हाताऱ्या बापाच्या खोलीला हातभर जाड ताटी बांधून घेतली, आणि धूळ नको म्हणून बाकीच्या खिडक्या लावून टाकल्या. लटारूला ते खटकलं होतं. पण ठेकेदारासमोर बुरडानं काय बोलावं, म्हणून तो गप्प निघून आला. संध्याकाळी खोली उघडली तेव्हा म्हातारा घामानं निथळत होता आणि त्याची छाती घरघरत होती. दोन दिवसांनी तो गेला. उन्हाळा बाधला, म्हणाले सारे. लटारूला कोणी बोल लावला नाही. तेव्हापासून तो विडी ओढून पाहिल्याशिवाय कुठल्याच घरून हलत नव्हता.

सत्तावन्न सालच्या वैशाखात गुणवंतरावांनी त्याला घाईनं बोलावणं धाडलं. गुणवंतराव लाकूडडेपोत कारकून होते. त्यांची लेक वच्छला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला होता, आणि आज नववा दिवस. कालपासून लेकराचं अंग तापत होतं आणि ते दूध ओढत नव्हतं. डॉक्टर सांगून गेले होते, खोली थंड करा, नाहीतर लेकरू हाती लागणार नाही.

लटारूनं परसातून, खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला ताटी बसवली. बाळंतिणीच्या खोलीत परक्या पुरुषानं जायचं नव्हतंच. गुणवंतरावांनी विहिरीच्या दोन बादल्या ताटीवर मारल्या. वाळ्याचा वास परसभर सुटला. लटारू बसला, विडी पेटवली, धूर सोडला.

धूर ताटीला टेकला, घुटमळला आणि परत त्याच्या डोळ्यांत आला.

त्यानं दुसऱ्यांदा सोडला. पुन्हा तेच. आतून लेकराचं रडणं येत होतं, मांजरीच्या पिलासारखं, बारीक, तुटक.

"बाई," त्यानं हाक मारली. गुणवंतरावांची बायको सुगंधाबाई मागच्या दारात आली. "समोरची खिडकी उघडी आहे ना?"

"उघडी? गोधडी ठोकली तिच्यावर. बाळंतीण आहे आत."

"आन् शेगडी?"

"शेगडी नाई राहीन तं काय चूल राहीन? काऊन विचारून राह्यला?"

"मंग ही ताटी मी काढून नेतो."

गुणवंतरावांच्या हातातली बादली तशीच राहिली. "अरे, वेडा झाला का? डॉक्टरनं सांगितलं म्हणून तं लावली."

"भाऊ, वाऱ्याले बाहेर जाले वाट नाई. पाण्याची वाफ आत, शेगडीची धग आत. घंटाभरात त्या खोलीत भात शिजन."

"ऐका!" सुगंधाबाई म्हणाली. "बाया आता बुरडाच्या विडीले विचारून बाळंत होतीन! आरपार वारा पोरीच्या अंगावरून घालू काय? माझी वहिनी अशीच गेली, दहाव्या दिवशी. खिडकी उघडी राह्यली होती. मी पाह्यलं तिले थडथड कापताना." तिचा आवाज शेवटी फाटला.

ताटीच्या सुतळीला हात घालत लटारू हळू म्हणाला, "मीबी पाह्यलं, बाई. बंद खोलीत ताटी लावली होती मी. म्हातारा माणूस होता. मी समजलो होतो, पन बोललो नाई." सात वर्षांत हे त्यानं कमळालाही सांगितलं नव्हतं.

आतलं रडणं थांबलं. तिघांनीही मान वळवली. मग ते पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा हळू.

गुणवंतराव बायकोकडे पाहत होते, बायको ताटीकडे. लटारू मात्र वर कवेलूंच्या छपराकडे पाहू लागला. त्या खोलीला कवेलूखाली बांबूच्या चटईचं छत होतं, वरून मातीनं लिंपलेलं, खाली विंचू पडू नये म्हणून. चार वर्षांपूर्वी ती चटई त्यानंच विणली होती. आठ दिवस लागले होते.

"बाई, वारा पोरीच्या अंगावरून नाई गेला, डोक्याच्या वरून गेला तं चालन?"

"म्हंजे?"

"खिडकी राहू द्या बंद. मी वरून वाट करतो. गरम हवा तशीबी वरच चढते."

सुगंधाबाई क्षणभर घोटाळली. "पोरीले वारा लागन नाई?"

"लागला तं मी इथीच आहे. तुमच्या समोरच भोक बुजवीन."

तिनं मान हलवली नाही, पण दारातून बाजूला झाली. गुणवंतरावांनी शिडी लावली.

दुपारचे दोन झाले असतील. कवेलूंवर हात ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं होतं. लटारूनं ओलं पोतं गुडघ्यांखाली घेतलं, पण तो वीतभर सरकेपर्यंत ते वाळलं. पूर्वेच्या टोकाला, गोधडीच्या खिडकीच्या वर पोचून त्यानं सात-आठ कवेलू काढून बाजूला रचले. खाली मातीचा थर, त्याखाली त्याची चटई.

"वच्छलाबाई!" तो ओरडला. "लेकराले घेऊन ताटीकडे सरका! माती पडन!"

आतून खाट ओढल्याचा आवाज आला. लटारूनं कोयता चालवला. वीण घट्ट होती, स्वतःच्याच हाताची. तिसऱ्या घावाला कामट्या तुटल्या, चौथ्याला हातभर चौकोन खाली लोंबला. आणि त्यातून शेगडीचा कोंडलेला धूर एकदम वर आला, त्याच्या तोंडावरून, सरळ आभाळात.

खाली माती पडल्याचा धप आवाज झाला आणि लेकरू किंचाळलं. मग रडणं अचानक बंद झालं.

लटारूचा हात कोयत्यावरच राहिला. खाली परसात गुणवंतराव पुतळ्यासारखे उभे. सुगंधाबाई आत धावली. शेगडीचा धूर आता पातळ होऊन एका धाग्यासारखा भोकातून निघत होता. लटारू त्या धाग्याकडे पाहत राहिला. गुडघे भाजत होते, ते त्याला कळत नव्हतं. आपण पुन्हा एकदा, एवढंच त्याच्या मनात आलं.

"बाबा!" आतून वच्छलाचा आवाज. "पिऊन राह्यला! बाबा, पिऊन राह्यला हा!"

गुणवंतरावांनी पुढे होऊन लटारूसाठी शिडी दोन्ही हातांनी धरली.

लटारू उतरला तेव्हा त्याच्या तळहातांना फोड आले होते. तो ताटीसमोर जाऊन पुन्हा उकिडवा बसला आणि कानावरची विडी काढली. काडी ओढायला हात धड वळेना.

मागचं दार वाजलं. सुगंधाबाई शेगडी उचलून बाहेर घेऊन आली. ती तिनं परसातल्या लिंबाखाली ठेवली, चिमट्यानं एक निखारा उचलला आणि लटारूसमोर धरला.

"घे. ओढ तुझी विडी."

त्यानं विडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि धूर ताटीशी सोडला. ओल्या मुळ्यांनी तो पाहता पाहता गिळला. सुगंधाबाई चिमटा धरून वाकली होती. तिनंही ते पाहिलं.

"आणखी एकडाव सोड," ती म्हणाली.

त्यानं सोडला. धूर गेला.

"मिरगाच्या आधी ते भोक बुजवून देजो," ती कमरेवर हात ठेवत म्हणाली. "नाई तं नातू माझा पावसात भिजन."

"देतो ना, बाई. सव्वा महिना होऊ द्या त्याचा." लटारूनं पोतं उचललं, आणि गुणवंतरावांना म्हणाला, "भाऊ, पाणी मारा. वरची कडा सुकून राह्यली."